निवडणाऱ्यांचं अप्रेझल

मार्च-एप्रिल आला की आयटीवाल्यांच्या जगात दोन सीझन एकदम सुरू होतात. एक आयपीएलचा आणि दुसरा अप्रेझलचा. कॅन्टीनमध्ये चहाच्या एकाच टेबलावर दोन्ही विषय चालतात आणि गंमत म्हणजे वाक्यं तीच असतात. "त्याला का घेतला?" "ह्याला का बसवला?" "सगळं आधीच ठरलेलं असतं रे." "नंबर बघा की त्याचे!" मध्येच येऊन बसलेल्या माणसाला गप्पा मॅनेजरबद्दल चालल्यात की निवड समितीबद्दल, हे पाच मिनिटं कळत नाही. :-)

तर आजचा विषय हाच. क्रीडासंस्था कशा चालवाव्यात? क्लब, बोर्ड, फेडरेशन... तिथे खेळाडू निवडणं, प्रशिक्षक नेमणं, पैसे वाटणं ही कामं जाणकारांच्या नजरेवर सोडावीत की मॉडेलवर? गेली वीसेक वर्षं हा वाद चालू आहे आणि त्यात सरळ दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, खेळ काय एक्सेलमध्ये खेळतात का? दुसरा म्हणतो, जाणकार गेले खड्ड्यात, डेटा आणा. मला वाटतं दोघंही चुकीच्या जागी भांडताहेत. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मॉडेलचा सगळ्यात मोठा उपयोग खेळाडूला मोजण्यासाठी नाहीच. तो निवडणाऱ्याला मोजण्यासाठी आहे. आणि नेमकं तेच कुणाला नको असतं.

सुरुवात अर्थातच 'मनीबॉल'पासून. मायकल लुईसचं पुस्तक २००३ चं, ब्रॅड पिटचा सिनेमा २०११ चा. आपल्यातल्या निम्म्या लोकांनी सिनेमा पाहिलाय आणि उरलेल्यांनी पाहिल्यासारखं दाखवलंय. थोडक्यात गोष्ट अशी: ओकलंड अ‍ॅथलेटिक्स हा बेसबॉलमधला गरीब संघ. २००१ चा सीझन संपल्यावर त्यांचे जेसन जिआंबी, जॉनी डेमन असे मोठे खेळाडू श्रीमंत संघांनी पळवले. जनरल मॅनेजर बिली बीन आणि त्याचा हार्वर्डमध्ये शिकलेला सहकारी पॉल डिपोडेस्टा यांनी ठरवलं, की बाजारात ज्याला भाव नाही पण ज्यानं मॅच जिंकता येते असा गुण विकत घ्यायचा. तो गुण म्हणजे काहीही करून बेसवर पोचणं. फटका मारून पोचा नाहीतर चार खराब चेंडू सोडून पोचा. कोपराच्या दुखापतीमुळे कॅचर म्हणून निकामी ठरलेला स्कॉट हॅटेबर्ग त्यांनी घेतला आणि फर्स्ट बेसवर उभा केला. २००२ च्या सीझनमध्ये त्यांनी सलग २० मॅच जिंकल्या. एकूण १०३. त्याच वर्षी न्यूयॉर्क यांकीजनीही १०३ च जिंकल्या, फक्त पगारावर जवळजवळ तिप्पट खर्च करून!

आता यातून बहुतेकांनी काय घेतलं? तर "आकडे जिंकले, म्हातारे स्काउट हरले." सिनेमात ते स्काउट टेबलाभोवती बसून खेळाडूचा जबडा कसा आहे, चालतो कसा, असलं काहीतरी बोलत असतात आणि आपण हसतो. पण हसण्याआधी थांबा. त्या स्काउटना काहीच कळत नव्हतं का? वीस-वीस, तीस-तीस वर्षं मैदानांवर उन्हातान्हात काढलेली माणसं ती. त्यांना बरंच काही कळत होतं. घोळ दुसरीकडेच होता.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला आर्टिफिशियल इंटेलिजन्स नावाचा एक विषय होता. आजच्यासारखा ग्लॅमरस नाही. त्यात 'एक्स्पर्ट सिस्टिम' नावाचं एक प्रकरण असायचं. स्टॅनफर्डमध्ये १९७० च्या दशकात बनलेला 'मायसिन' नावाचा प्रोग्रॅम हे त्यातलं लाडकं उदाहरण. डॉक्टरांना विचारून विचारून शेकडो "जर-तर" नियम गोळा केले, आणि त्यावरून रक्तातलं इन्फेक्शन कोणतं, अँटिबायोटिक कोणतं द्यायचं हे मशीन सुचवणार. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न म्हणजे यातली अडचण काय? उत्तर: जाणकाराकडून नियम काढून घेणं महाकठीण.

कारण जाणकाराला आपण कसं ओळखतो हे सांगताच येत नाही. आजीला विचारा, पिठल्यात मीठ किती? "अंदाजाने." ती काही लपवत नसते, हाताला कळतं पण तोंडाला सांगता येत नाही. स्काउटला विचारा, हा पोरगा मोठा खेळाडू होणार हे कशावरून? "नजर लागते." झालं.

पण समजा विचारलंच नाही तर? नुसतं बघितलं तर? जाणकाराच्या समोर काय काय होतं ते लिहायचं, त्यानं काय निर्णय दिला ते लिहायचं, असे शेकडो निर्णय जमवायचे आणि गणितानं काढायचं की त्याच्या डोक्यात कुठल्या गोष्टीला किती वजन आहे. हे म्हणजे जाणकाराचंच मॉडेल. खेळाडूचं नव्हे, जाणकाराचं!

ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तिची सुरुवात खेळात नाही, मक्याच्या शेतात झाली. अमेरिकेत आयोवाकडे तेव्हा मक्याच्या कणसांची प्रदर्शनं भरायची. आपल्याकडे कृषी प्रदर्शनात भलाथोरला भोपळा ठेवतात ना, तसंच. अनुभवी परीक्षक कणसं बघून गुण द्यायचे आणि समजूत अशी, की ज्याला जास्त गुण त्याच्या बियाण्याला पीक जास्त. हेन्री वॉलेस नावाच्या माणसानं (हा पुढे १९४१ ते १९४५ अमेरिकेचा उपाध्यक्ष होता) १९२३ मध्ये एक निबंध लिहिला, विषय: मक्याच्या परीक्षकाच्या मनात काय चालतं? त्यानं परीक्षकांनी दिलेले गुण घेतले, कणसांची मापं घेतली आणि हिशोब मांडला. निघालं काय, तर परीक्षक सगळ्यात जास्त वजन देत होते कणसाच्या लांबीला. लांबलचक, देखणं कणीस दिसलं की गुण वर! परीक्षकांचं एकमेकांशी बऱ्यापैकी जमत होतं. पण त्यांच्या गुणांचा आणि शेतात प्रत्यक्ष निघालेल्या पिकाचा संबंध जेमतेमच होता.

हे वाचल्यावर मला पहिल्यांदा 'मनीबॉल'मधला तो जबड्याचा सीन आठवला. देखणं कणीस आणि देखणा खेळाडू. सगळे जाणकार एकमेकांशी सहमत, म्हणून आपल्याला वाटतं की ते बरोबर असणार. अहो, सगळ्यांचा गैरसमज एकच असेल तरी एकमत होतंच की!

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग जास्त मजेदार आहे. १९७० मध्ये लुईस गोल्डबर्ग या मानसशास्त्रज्ञानं २९ तज्ज्ञांनी ८६१ रुग्णांबद्दल दिलेले निर्णय घेतले. प्रत्येक तज्ज्ञाच्या निर्णयांवरून त्या त्या तज्ज्ञाचं साधं बेरीज-गुणाकाराचं सूत्र बनवलं. मग खऱ्या निदानाशी ताडून पाहिलं. आता नीट वाचा: तज्ज्ञाच्या निर्णयांवरून बनवलेलं सूत्र हे बहुतेक वेळा खुद्द त्या तज्ज्ञापेक्षा जास्त बरोबर निघालं! म्हणजे नक्कल असलपेक्षा सरस.

असं कसं होईल? विचार केला तर सोपं आहे. तज्ज्ञाकडे ज्ञान असतं, पण सातत्य नसतं. सोमवारी सकाळी तो एका गोष्टीला जास्त वजन देतो, शुक्रवारी संध्याकाळी दुसरीला. आधीचा रुग्ण कसा होता, घरून निघताना काय झालं, समोरचा माणूस कुणासारखा दिसतो... या सगळ्याचा थोडा थोडा कचरा निर्णयात मिसळतो. सूत्रात तज्ज्ञाचं ज्ञान उतरतं आणि हा कचरा गळून पडतो. सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळं सांगायला नको. तोच इनपुट दिला की तोच आउटपुट आला पाहिजे, ही आपली पहिली अपेक्षा. माणूस ही अपेक्षा पुरी करत नाही, बस इतकंच. पुढे १९७९ मध्ये रॉबिन डॉज यांनी दाखवलं, की वजनं फार काटेकोर काढायचीसुद्धा गरज नसते. योग्य मुद्दे निवडा, सगळ्यांना सारखं वजन द्या, तरी सूत्र चांगलं चालतं. म्हणजे जाणकाराची खरी किंमत कशात? कुठले मुद्दे बघायचे हे ठरवण्यात. ते मुद्दे दर वेळी नव्यानं तोलण्यात नाही.

म्हणून मी म्हणतो, जाणकार विरुद्ध मॉडेल हा वादच फसवा आहे. चांगलं मॉडेल जाणकाराच्या खांद्यावरच उभं असतं. फक्त ते जाणकाराला आरसा दाखवतं.

आता हा आरसा अख्ख्या क्लबला लावला तर काय होतं? माझं सगळ्यात आवडतं उदाहरण पश्चिम लंडनमधल्या ब्रेंटफर्ड फुटबॉल क्लबचं आहे. मालक मॅथ्यू बेनहॅम. ऑक्सफर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकलेला, फुटबॉलवरच्या बेटिंगची मॉडेलं बनवून पैसा केलेला आणि लहानपणापासून याच क्लबचा चाहता. २०१२ मध्ये क्लब त्याच्या मालकीचा झाला. त्याचं म्हणणं साधं होतं. फुटबॉलमध्ये गोल फार कमी होतात, त्यामुळे नशिबाचा वाटा फार मोठा. चांगलं खेळून हरता येतं आणि भिकार खेळून जिंकता येतं. मग पॉइंट टेबल बघून निर्णय का घ्यायचे? त्याऐवजी गोल होण्याच्या संधी मोजा. शॉट कुठून मारला, कुठल्या कोनातून, पायानं की डोक्यानं, आणि पूर्वी अशा शॉटपैकी कितींचे गोल झाले. पेनल्टी असेल तर साधारण पाऊण गोल धरा, अर्ध्या मैदानातून हाणला असेल तर नगण्य. सगळ्या संधींची बेरीज म्हणजे तुम्ही खरोखर कसे खेळलात त्याचा अंदाज. थोडक्यात काय, निकाल वेगळा आणि कामगिरी वेगळी.

ऐकायला छान. पण याची परीक्षा कधी होते? ऑक्टोबर २०१८ मध्ये थॉमस फ्रँक मुख्य प्रशिक्षक झाला आणि पहिल्या दहापैकी आठ मॅच हरला. आठ! कुठल्याही क्लबात अशा माणसाचं सामान गेटबाहेर ठेवलं असतं. आपल्याकडे तर टीव्हीवर चार माजी खेळाडू बसवून त्याची उत्तरपूजा बांधली असती. ब्रेंटफर्डनं काहीच केलं नाही. त्यांचे आकडे सांगत होते, की संघ दिसतोय तितका वाईट खेळत नाहीये. फ्रँक राहिला. २०२० मध्ये प्ले-ऑफची फायनल हरला, तरी राहिला. २९ मे २०२१ ला त्याच फायनलमध्ये स्वॉन्सीला २-० हरवून ब्रेंटफर्ड ७४ वर्षांनी देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये गेला. फ्रँकने क्लब सोडला तो थेट २०२५ मध्ये, तेही टॉटनहॅमनं बोलावलं म्हणून.

इथे मॉडेलनं कुणाला मोजलं? खेळाडूंना मोजलंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे मालकाच्या हाताला ब्रेक लावला. "हरलो, आता कुणाचा तरी बळी द्या" ही जी संस्थाचालकांची खाज असते, तिच्यावर तो उपाय होता. दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१५ मध्ये याच बेनहॅमनं संघ वरच्या नंबरात असताना मार्क वॉर्बर्टन या प्रशिक्षकाला सीझनअखेर निरोप द्यायचं ठरवलं, आणि त्याच्या जागी आणलेल्या मारिनस डायकहाउझनला सप्टेंबरमध्येच काढावं लागलं. म्हणजे मॉडेल असलं की निर्णय आपोआप शहाणे होतात असं नाही. फक्त कुठला निर्णय कशामुळे घेतला हे नंतर तपासता येतं. माझ्या मते हाच सगळ्यात मोठा फायदा.

आता ज्यांना आकडे फार आवडतात (माझ्यासकट), त्यांच्यासाठी कडू औषध. ब्रिटननं १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये एकच सुवर्ण जिंकलं, नंबर ३६ वा. नंतर लॉटरीचा पैसा खेळात आला आणि पुढे यूके स्पोर्ट या संस्थेनं धोरण ठरवलं: जिथे मेडलची शक्यता तिथे पैसा, बाकीच्यांना राम राम. निकाल? २०१२ मध्ये घरच्या मैदानावर २९ सुवर्ण. २०१६ मध्ये रिओत २७, आणि पदकतक्त्यात चीनच्याही वर दुसरा नंबर. कामगिरीवर आधारित व्यवस्थापन म्हणून हे उदाहरण कुठल्याही एमबीएच्या वर्गात शोभेल.

पण त्याच रिओत ब्रिटनच्या बॅडमिंटनपटूंनी पुरुष दुहेरीत ब्राँझ जिंकलं, म्हणजे दिलेलं टार्गेट पुरं केलं, आणि डिसेंबर २०१६ मध्ये बॅडमिंटनचा निधी पूर्ण बंद झाला. पुढच्या वेळी मेडल येईल असं हिशोबाला वाटेना! आणि जून २०२२ मध्ये तिथल्या जिम्नॅस्टिक्सवरचा व्हाइट अहवाल आला. लहान लहान मुलींना वर्षानुवर्षं कसं रडवलं, उपाशी ठेवलं, दुखापतीत खेळवलं, हे त्यात आहे. शेकडो लोकांनी येऊन सांगितलं. मेडल मोजली जात होती, मुलींचं रडणं मोजायचा रकानाच नव्हता.

चार्ल्स गुडहार्ट या अर्थतज्ज्ञाच्या नावानं एक नियम प्रसिद्ध आहे. एखादं माप जेव्हा लक्ष्य बनतं, तेव्हा ते चांगलं माप राहत नाही. हा नियम समजायला लंडनला जायची गरज नाही. मी ज्या एका प्रोजेक्टवर होतो तिथे टीमची कामगिरी 'किती तिकिटं क्लोज केली' यावर मोजायचं ठरलं. दोन आठवड्यांत लोकांनी एका तिकिटाची तीन करायला सुरुवात केली. डॅशबोर्ड हिरवागार, कस्टमर लालेलाल. त्याच वर्षी आमच्यातला एक जण, जो रात्री दोनला उठून प्रॉडक्शन सांभाळायचा, त्याला सगळ्यात खालचं रेटिंग मिळालं. कारण काय, तर बेल कर्व्हच्या खालच्या टोकाला कुणीतरी भरायचा होता आणि त्याची तिकिटं कमी होती. आगी लागूच न देणाऱ्याची तिकिटं कमीच असणार ना! तो तीन महिन्यांत सोडून गेला. ज्यांनी ते रेटिंग दिलं, त्यांच्या अप्रेझलमध्ये या गोष्टीचा उल्लेखही झाला नसणार. आणि इथेच मला क्रिकेट आठवतं.

आपल्याकडे खेळाडूला मोजायची हौस कमी नाही. १ जानेवारी २०२३ ला बीसीसीआयनं जाहीर केलं, की यो-यो टेस्ट आणि डेक्सा स्कॅन हे निवडीच्या निकषांत धरले जातील. म्हणजे खेळाडू किती धावतो आणि त्याच्या अंगात चरबी किती, हे मशीन सांगणार. छान. पण निवड समितीनं गेल्या पाच वर्षांत घेतलेल्या निर्णयांपैकी किती बरोबर निघाले? कुणाला वगळताना काय कारण लिहिलं होतं आणि ते कारण पुढे टिकलं का? याचा हिशोब लोकांसमोर कधीच येत नाही. सरफराज खानचं बघा. रणजीत २०१९-२० ला ९२८ धावा, २०२१-२२ ला ९८२ धावा. कसोटी पदार्पण फेब्रुवारी २०२४ मध्ये, राजकोटला, आणि तिथे ६२ आणि नाबाद ६८. मधल्या काळात चर्चा कशाची? त्याच्या वजनाची. पुन्हा आपलं कणसाची लांबी!

आणि अमोल मुझुमदार? १९९४ मध्ये रणजी पदार्पणातच हरियाणाविरुद्ध २६०. प्रथम श्रेणीत एकूण ११,१६७ धावा, ३० शतकं. भारतासाठी एकही मॅच नाही. आता मी प्रामाणिकपणे सांगतो, कुठलंही मॉडेल लावलं असतं तरी कदाचित त्याचा नंबर लागला नसता. सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण ही मधली फळी असताना जागा कुठून आणणार? पण मग ते तसं लिहून ठेवायला काय हरकत होती? "तुझ्यात अमुक कमी आहे" आणि "तुझ्यात काही कमी नाही, पुढे चौघं जास्त चांगले आहेत" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली ऐकली तर माणूस सराव करतो, दुसरी ऐकली तर निदान रात्री झोप लागते. काहीच ऐकलं नाही तर माणूस वर्षानुवर्षं फोनकडे बघत बसतो. आणि हाच मुझुमदार २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या महिला संघानं वर्ल्ड कप जिंकला तेव्हा मुख्य प्रशिक्षक होता. खेळ कळणारा माणूस होताच तो, हे काही नव्यानं सिद्ध व्हायचं नव्हतं.

आपल्या सुधारणांचा भर मात्र नेहमी खुर्चीवर कोण बसणार यावर असतो. जानेवारी २०१६ मध्ये लोढा समितीचा अहवाल आला. निवड समिती पाचची की तीनची, यावर वाद झाले. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं पुन्हा पाच केले. वयाची मर्यादा, किती वर्षांनी पद सोडायचं, हे सगळं आलं. २०२५ मध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला, त्यात खेळाडूंना प्रतिनिधित्व, तक्रारींसाठी न्यायाधिकरण वगैरे आहे. हे सगळं हवंच, वादच नाही. पण खुर्चीवरचा माणूस बदलला तरी खुर्चीवरून निघणारे निर्णय कुणी तपासतच नसेल, तर काय बदललं?

मग करायचं काय? टीका सगळेच करतात, म्हणून माझ्यापुरते तीन उपाय सांगतो. तिन्हींना मोठं सॉफ्टवेअर लागत नाही. (लागलं तर कळवा, कोटेशन पाठवतो. :-))

एक, निर्णय घेतला त्याच दिवशी कारणं लिहा. लगेच जाहीर करू नका हवं तर. पाकिटात बंद करा, दोन वर्षांनी उघडा. नंतर आठवून लिहिलेल्या कारणांना काही अर्थ नसतो, तेव्हा सगळेच ज्योतिषी असतात.

दोन, समितीच्याच जुन्या निर्णयांवरून समितीचं साधं सूत्र बनवा आणि प्रत्येक बैठकीत टेबलावर ठेवा. ते पाळायची सक्ती नको. पॉल मील या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये एक सुंदर उदाहरण दिलं होतं. सूत्र म्हणतंय हा माणूस आज सिनेमाला जाणार, पण तुम्हाला कळलं की त्याचा पाय मोडलाय, तर सूत्र बाजूला ठेवा. जाणकाराची जागा इथे आहे. फक्त "इथे पाय मोडलाय" हे वहीत लिहा. वर्षअखेरीस मोजा, की खरोखर मोडलेले पाय किती होते आणि मोडलेले वाटले किती होते.

तीन, मोजायच्या यादीत मेडलखेरीज दुसरं काहीतरी असू द्या. किती पोरांनी खेळ सोडला, किती जण दुखापतीत खेळले, किती तक्रारी आल्या. आणि ही यादी निवडणाऱ्यांनी स्वतः ठरवायची नाही.

तुम्ही म्हणाल, असं सगळं लिहायला लावलं तर निवडणारे घाबरतील, नवा पोरगा घेणारच नाहीत. उलट आहे. आज त्यांना फक्त निकालावर शिव्या पडतात, म्हणून ते घाबरतात. कारण लिहिलेलं असेल तर "निर्णय बरोबर होता, निकाल चुकला" असं म्हणायची सोय त्यांनाच मिळते. थॉमस फ्रँक त्याच सोयीवर वाचला.

दुसरा आक्षेप जास्त दमदार आहे. राष्ट्रीय संघाच्या निवडी वर्षाला मोजक्याच असतात, त्यावरून कसलं मॉडेल बनणार? बरोबर. पण राष्ट्रीय संघ हे शेंडीचं टोक झालं. रणजीत ३८ संघ खेळतात. प्रत्येक राज्य संघटना वेगवेगळ्या वयोगटांचे संघ निवडते. एकट्या महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन संघटना. दर वर्षी हजारो निर्णय होतात आणि जवळपास सगळे हवेत विरून जातात.

आणि खरं दुखणं तिथे आहे. वर्ल्ड कपला कोण जातो यावर आपण रात्र रात्र भांडतो, पण तो पोरगा निदान टीव्हीवर तरी आहे. परभणीहून रात्रीच्या गाडीनं निवड चाचणीला आलेला पंधरा वर्षांचा मुलगा कुणालाच दिसत नाही. त्याला नेटमध्ये पाच-सहा बॉल मिळतात, कुणीतरी मान हलवतं आणि तो परत गाडीत बसतो. त्या मान हलवण्यामागे कदाचित तीस वर्षांचं ज्ञान असेल, कदाचित दुपारच्या उन्हाचा वैताग असेल. ते शोधायचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे दोन ओळी लिहून ठेवणं. त्या दोन ओळी मुलाच्या हातात पडल्या तर त्याला पुढच्या वर्षी काय सुधारायचं ते कळेल. आणि मान हलवणाऱ्यालाही दहा वर्षांनी कळेल, आपण पीक बघत होतो की कणसाची लांबी.